लाल चिंधीचं झाड

झाडं छाटणाऱ्या करवतमावशींनी शेवटची लाल चिंधी नेमकी नानांच्या फांदीला बांधली, आणि सगळं बिनसलं ते तिथून.

"मावशी, ही नव्हे हो!" नाना खालून ओरडले. "ही तर धडधाकट आहे!"

"धडधाकट आहे, पण बुंध्यापाशी तोंड उघडलंय तिनं," मावशी वरून म्हणाल्या. "चीर दिसतेय मला. वादळ आलं की पहिली हीच खाली येणार."

"मला तर काही दिसत नाही."

"खालून कसं दिसेल? खालून सगळं चांगलंच दिसतं."

मावशींचा नवरा दोराचं टोक धरून खाली उभा होता. तो म्हणाला, "हो." मावशी झाडावर असल्या की दोर धरायचा आणि हो म्हणायचं, एवढंच त्याचं काम, आणि दोन्हींत त्यानं आजवर कधी हयगय केली नव्हती.

झाड आंब्याचं. समुद्राकडे उतरत जाणाऱ्या गल्लीच्या वरच्या टोकाला चार घरं, आणि चारही घरांवर मिळून हे एक झाड. मुळं नानांच्या अंगणात. सावली, पालापाचोळा आणि तक्रारी सगळ्यांत वाटलेल्या. उन्हाळ्यात झाड सगळ्यांचं असायचं. वादळाचे दिवस जवळ आले की ते एकट्या नानांचं व्हायचं.

मागच्या वादळात एक वाळकी फांदी टेलरमास्तरांच्या दुकानाच्या पत्र्यावर आदळली होती. पत्र्याला पोचा आला आणि मास्तरांना विषय मिळाला. त्या दिवसापासून माप घेताना, काज करताना, अगदी दातात सुई धरूनसुद्धा ते एकच बोलत, "झाड पाडा." शेवटी नानांच्या ओसरीवर बैठक बसली. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला समोरचे दातांचे डॉक्टर, मध्ये शेजारच्या गायनाच्या बाई. चहा नानांचा, मतं त्यांची. बऱ्याच वादानंतर असं ठरलं, की झाड पाडायचं नाही, मावशींकडून नीट छाटून घ्यायचं. पण येत्या वादळात एक जरी फांदी कोणाच्या छपरावर आली, तर झाड मुळासकट काढायचं.

"मुळासकट," डॉक्टर समाधानानं म्हणाले. धंद्यामुळे हा शब्द त्यांच्या आवडीचा होता.

"माझा शब्द," नाना म्हणाले.

आणि नानांचा शब्द म्हणजे शब्द. बंदरावरच्या वजनकाट्यावर त्यांची सारी नोकरी गेली. तिथं भल्याभल्यांनी त्यांना डोळा मारून पाहिला, पण काटा कधी तसूभर हलला नाही. "मापात पाप नाही," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की त्यांची विधवा मोठी बहीण आक्का, जी त्यांच्याबरोबरच राहत असे, हल्ली तोंडातल्या तोंडात ते आधीच म्हणून घेई, म्हणजे नानांचं म्हणून झाल्यावर पुढचं काम सुरू करता येत असे.

पण ती फांदी म्हणजे नानांचं ऑफिस होतं. निवृत्त झालेल्या माणसाला घर असतं, ऑफिस नसतं, हे दुःख नानांनी फांदीखाली खुर्ची टाकून मिटवलं होतं. फांदीला एका दोरीनं रेडिओ टांगलेला, दुसऱ्या दोरीनं छत्री, तिसऱ्या दोरीनं दाढीचा आरसा. सकाळी पेपर घेऊन ते 'हजर' होत, दुपारी जेवायला 'सुट्टी' घेत, संध्याकाळी आरसा पुसून 'निघत'. फांदी गेली तर नाना दुसऱ्यांदा निवृत्त होणार होते, आणि या वेळी निरोप समारंभसुद्धा नव्हता.

मावशी खाली उतरल्या. अंगावरचे मुंग्या-कोळी झटकत त्यांनी आपला नेहमीचा नियम ऐकवला.

"नीट ऐका. लाल चिंधी असलेली फांदी कापायची, नसलेलीला हात लावायचा नाही. उद्या सकाळी मी करवत घेऊन वर चढणार, आणि एकदा वर गेले की मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मागे एका घरी सासू म्हणाली ही कापा, सून म्हणाली ती कापा, आणि मी दोघींचं ऐकलं. शेवटी झाडाच्या जागी खांब उरला, आणि पहिल्याच वाऱ्यात तोही आडवा. म्हणून ही चिंधी. काय?"

"हो," नवरा म्हणाला.

चिंध्या टेलरमास्तरांकडच्या होत्या. एका शाळेच्या खेळाच्या पोशाखाचं काम त्यांच्याकडे आलं होतं, आणि दुकानाबाहेर लाल कापडाच्या कात्रणांची गोणी भरून ठेवलेली होती. ज्याला हवी त्यानं न्यावी. ही गोष्ट त्या वेळी कोणाला महत्त्वाची वाटली नाही.

दुपारी गल्ली पेंगायला लागली. नाना खुर्चीत बसून वर बघत होते. चिंधी त्यांच्या डोक्यावर हलत होती. ती बघून बघून त्यांना वाटू लागलं की मावशींचीच चूक झाली असणार. बाईमाणूस उन्हात, एवढ्या उंचावर. चीर काय आणि साल काय, फरक कसा कळणार? असा विचार करता करता ते खुर्चीवर उभे कधी राहिले, छत्रीची वाकडी मूठ चिंधीच्या गाठीत कधी अडकवली आणि गाठ कधी सुटली, हे त्यांचं त्यांनासुद्धा कळलं नाही. निदान त्यांनी तशी समजूत करून घेतली. मग कापायच्या फांद्यांत एक कमी व्हायला नको, हिशोब जुळायला हवा, म्हणून त्यांनी ती चिंधी मागच्या बाजूच्या, मास्तरांच्या खिडकीकडे झुकलेल्या एका कोवळ्या फांदीला बांधून टाकली. आणि हात झटकून खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा काटा हलला होता.

पण गल्लीत पाप एकट्यानं होत नाही. त्याला निदान एक खिडकी असते.

त्या खिडकीत टेलरमास्तर होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि सुईत दोरा ओवता ओवता एवढाच अर्थ काढला, की चिंध्या हलवलेल्या चालतात. खिडकीसमोरच्या एका फांदीमुळे त्यांच्या शिवणयंत्रावर दिवसभर अंधार असायचा. त्यांनी गोणीतली एक चिंधी घेतली आणि खिडकीतून हात बाहेर काढून तिला बांधली. मग शेजारचीलाही. मग म्हणाले, एवढं करतोच आहोत, तर तिसरी तरी का सोडा?

मास्तरांचा हात खिडकीबाहेर का येतोय, हे डॉक्टरांनी समोरून पाहिलं. त्यांच्या दवाखान्याची पाटी झाडाच्या एका फांदीमागं झाकली जात असे. दात दुखणारा माणूस थेट समुद्रापर्यंत जाऊन परत येई. डॉक्टरांनी आपली शिडी काढली. आणि डॉक्टर शिडी घेऊन झाडाला काय करताहेत, हे गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी पाहिलं. गच्चीकडच्या फांदीवर सकाळी कावळे जमत आणि बाईंचा रियाज सुरू झाला की बेसूर साथ करत. बाईंनी कपड्यांच्या काठीला चिंधी अडकवली.

नाना मात्र त्या दिवशी लवकरच 'निघून' घरात शिरले होते आणि खिडकी लावून बसले होते. स्वतः केलेल्या गोष्टीकडे पाठ करून बसलं, की ती झालीच नाही असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते बाहेर आले आणि जागच्या जागी थिजले. झाडाला गोवर आल्यासारखं दिसत होतं. जिकडे बघावं तिकडे लाल. खाली लाल, वर लाल, शेंड्याकडे लाल. आणि त्यांच्या स्वतःच्या फांदीला, ऑफिसला, पुन्हा एक चिंधी! तीही दुहेरी गाठीची!

"आक्का!" नाना आत धावले. "आक्का, सगळ्यांनी मिळून झाडाचा खून करायचं ठरवलंय!"

आक्का पिठाचे हात धूत होती. "मापात पाप नाही ना रे?" तिनं एवढंच विचारलं.

नानांनी बाहेर जाऊन फांदीवरचा रेडिओ लावला. तेवढ्यात बातमी आली, की वादळ उद्या येणार होतं ते आज संध्याकाळीच येतंय. म्हणजे मावशी लवकर येणार. म्हणजे मावशी वर चढणार, कोणाच्या बापाचं ऐकणार नाहीत, आणि जेवणापर्यंत आंब्याचा खांब होणार. खांब उभा राहिला तर वादळात पडणार, आणि पडला तर कोणाच्या ना कोणाच्या छपरावर पडणार, आणि मग मुळासकट. नानांना तिन्ही पायऱ्या डोळ्यांसमोर लख्ख दिसल्या. पहिली त्यांनीच बांधली होती.

मूळच्या चिंध्या तेवढ्या ठेवून बाकीच्या काढाव्यात, असा त्यांनी आधी विचार केला. पण लाल ते लाल. सगळ्या एकाच गोणीतल्या. तेव्हा सरळ सगळ्याच काढायच्या आणि मावशींना सांगायचं, रात्री वारा सुटला होता. डॉक्टरांची शिडी भिंतीला टेकून उभी होतीच. ती झाडाला लावून, गुडघ्यांना देवाची शपथ घालून नाना वर चढले.

तरुणपणी ते या झाडावर सहज चढत. झाड तेव्हापासून वाढत गेलं होतं आणि नानाही, पण वेगवेगळ्या दिशांना. तरी त्यांनी नेट धरला. एकेक चिंधी सोडत, खिशात कोंबत, फांदीफांदीला "सॉरी हं" म्हणत ते शेंड्याकडून खाली येत राहिले. सदऱ्याचा खिसा भरला, पँटचे दोन्ही भरले, मग ते सदऱ्याच्या आत टाकू लागले. शेवटी आपल्या फांदीवर आले, घोड्यावर बसावं तसे बसले, ती दुहेरी गाठ दातांनी सोडवली आणि म्हणाले, "चला, झालं."

त्याच वेळी खालून आवाज आला.

"शिडी अशी उघड्यावर टाकतात का कोणी!" दातांचे डॉक्टर होते. "वादळ येतंय आणि लोकांना काही जबाबदारीच नाही!" आणि वर न बघता ते शिडी खांद्यावर टाकून निघून गेले. त्यांना पाटी उतरवून ठेवायची होती.

नानांनी "अहो" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. अहो म्हटलं, की वर काय करत होता, हे आलं. सदऱ्यात काय भरलंय, हे आलं. ते पानांत गुपचूप बसून राहिले. फांदी काही आभाळात नव्हती, खाली त्यांची खुर्चीही होती. पण उडी मारायचं वय खुर्चीवर पेपर वाचण्यात निघून गेलं होतं.

मग काठी घेऊन गायनाच्या बाई आल्या, आणि दुसरीकडून टेलरमास्तर.

"मास्तर, चिंध्या कुठं गेल्या हो?"

"तेच बघायला आलो. तुम्ही काठी घेऊन काय करताय?"

"मी? मी कावळे हाकलतेय."

"काठीला चिंधी बांधून?"

"कावळ्यांना लाल आवडत नाही," बाई पट्टी न सोडता म्हणाल्या. "आणि तुमच्या हातात काय आहे?"

"हे? हे कापड आहे. माझा धंदाच आहे तो."

बाईंनी काठी खाली टेकवली, मास्तरांनी कापड खिशात घातलं.

"नानांनीच काढल्या असणार," मास्तर म्हणाले. "परवानगी त्यांनीच दिली म्हणा ना. काल खुर्चीवर चढून छत्रीनं स्वतःच्या फांदीची काढली आणि माझ्या खिडकीपुढं बांधली. डोळ्यांनी पाहिलं मी! आणि सांगतात काय, मापात पाप नाही."

"काही म्हणा, माणूस वाईट नाही," बाई म्हणाल्या. "पण त्या फांदीचं नाव काढलं की अगदी लहान मूल होतात. काय ते रेडिओ बांधणं, आरसा बांधणं! त्या दिवशी मी पाहिलं, संध्याकाळी जाताना फांदीला थोपटून गेले."

वर पानांत नानांचे कान चिंध्यांच्या रंगाचे झाले. अवघडून ते जरा मागे सरकले. आणि फांदीतून आवाज आला.

टर्रर्र.

टेलरमास्तरांनी सवयीनं आधी स्वतःच्या पँटची शिवण चाचपली. ती शाबूत होती.

वर नानांनी मान वळवली. बुंध्यापाशी, त्यांच्या बुडापासून वीतभर अंतरावर, एक चीर त्यांच्याकडे तोंड उघडून बघत होती. ती जुनी होती, काळी होती, तिच्यात मुंग्यांनी संसार थाटला होता. खालून मात्र ती कधीच दिसली नसती.

"मास्तर," नाना अगदी हळू आवाजात म्हणाले. मोठ्यानं बोलायचीसुद्धा त्यांना भीती वाटत होती. "मास्तर, शिडी."

दोघांनी वर पाहिलं. बाईंच्या हातून काठी पडली आणि आतापर्यंत त्यांनी कधी न लावलेला एक स्वर लागला. मास्तर डॉक्टरांकडे धावले. डॉक्टर शिडीवरच होते, पाटी धरून.

"डॉक्टर, उतरा! शिडी द्या! नाना झाडावर आहेत!"

"कोण?"

"नाना!"

"थांबा, एकच स्क्रू राहिलाय."

"अहो, फांदी मोडतेय!"

"जरा दम धरा," डॉक्टर म्हणाले. हे वाक्यही त्यांच्या धंद्यातलंच होतं. "दोन मिनिटं, काही दुखणार नाही."

सुदैवानं त्याच वेळी मावशी नवऱ्याला आणि करवतीला घेऊन अंगणात शिरल्या. वर बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"नाना, अहो, फांदी कापायला सांगितली होती मी. तुम्ही तिच्यावर बसायला कशाला गेलात?"

"मावशी, तिनं आवाज केला."

"करणारच. काल तिनं मलाही सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं नाहीत. आता हलू नका. नाही, हला, पण माझ्याकडे. बूड सरकवत बुंध्याकडे या. बिगीबिगी नको, शांतपणे. खाली बघू नका."

मावशी बुंध्यावरून सरसर चढल्या, त्यांच्याबरोबर दोर वर गेला, नानांच्या काखेतून फिरला, आणि मावशींच्या नवऱ्यानं तो पकडला. नाना बुंध्याला मिठी मारून, घसरत, खरचटत खाली उतरले. आणि उतरताना सदऱ्याचं बटण तुटलं. आत कोंबलेल्या लाल चिंध्या भसाभसा खाली पडल्या. बाईंच्या डोक्यावर, मास्तरांच्या खांद्यावर, आणि शेवटी शिडी घेऊन धापा टाकत पोचलेल्या डॉक्टरांच्या चष्म्यावर.

ज्याच्यात्याच्या हातात किंवा अंगावर लाल होतंच.

"यातल्या माझ्या कुठल्या?" मावशींनी विचारलं.

"तुम्हालाच ठाऊक असणार ना," नाना आशेनं म्हणाले. "तुम्ही बांधल्या होत्या."

"मला काय पाठ असतं? गावभर झाडं बघते मी. पाठ नसतं म्हणून तर चिंध्या बांधते!" मावशींनी कपाळावर हात मारला. "पहिली कोणी हलवली?"

मास्तरांनी नानांकडे पाहिलं. नानांनी जमिनीकडे पाहिलं. बंदरावरचा काटा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"मी," ते म्हणाले. "पण माझ्या फांदीला परत दुहेरी गाठ मारणारा कोण, तेही कळू द्या! मास्तर, एवढा दावा?"

"मी नाही! शपथ! माझ्या तीनच होत्या," मास्तर म्हणाले आणि जीभ चावली.

"मी बांधली," स्वयंपाकघराच्या दारातून आक्का म्हणाली. सगळे तिकडे वळले. आक्का हात पुसत बाहेर आली. "तू झोपलास तेव्हा स्टुलावर चढून बांधली. फांदीखाली मी बसत नाही, तू बसतोस. ऑफिस गेलं तर दुसरं मिळेल. डोकं कुठून आणू?"

नाना खाली वाकले, पडलेल्यांतली एक चिंधी उचलली आणि स्वतःच्या हातानं मावशींकडे दिली.

"ही आधी. माझी."

मग बाकीच्या फांद्यांचं ठरवायला सगळे बसले. मावशी झाडाभोवती फिरल्या, दोनदा वर जाऊन आल्या, आणि म्हणाल्या, "झाड म्हणजे होडीचं शीड. दाट ठेवलं तर वारा अडतो आणि झाड उलथतं. आरपार जायला वाट ठेवली तर वारा निघून जातो. वाळकी, फाटकी आणि एकमेकींत अडकलेली काढायची. पण एक सांगते, एकाच बाजूची भारी कापली, तर झाड दुसऱ्या बाजूला कलतं."

"म्हणजे मास्तरांच्या खिडकीकडच्या सगळ्या कापल्या तर?" डॉक्टरांनी चष्मा पुसत विचारलं.

"तर दवाखान्याकडे."

"एकसुद्धा कापू नका तिकडची!"

"आणि डॉक्टरांच्या पाटीपुढची कापली तर?" मास्तरांनी लगेच विचारलं.

"तर बाईंच्या गच्चीकडे."

"कावळे राहू द्या," बाई घाईनं म्हणाल्या. "कावळ्यांना हळूहळू सूर येतो."

असं करता करता ज्याची त्याची फांदी दुसऱ्यानं वाचवली. चांगुलपणानं जे झालं नसतं ते संशयानं झालं. मावशींच्या मनात होत्या तेवढ्याच फांद्या शेवटी कापायला उरल्या असाव्यात, कारण वर चढताना मावशी जराही कुरकुरल्या नाहीत.

नानांची फांदी दोरावर तोलून, तुकड्या-तुकड्यांनी खाली आली. जाताना तिनं कोणाला ओरखडासुद्धा काढला नाही. नानांनी रेडिओ, छत्री आणि आरसा उचलून आत नेले. आक्कानं त्या दिवशी न मागता दुसरा चहा केला.

संध्याकाळी वादळ आलं. रात्रभर काय चाललं होतं, ते कोणी पाहिलं नाही. ऐकलं मात्र चारही घरांनी. झाड ओरडत होतं, कशाचं तरी टिनपाट वाजत होतं, आणि मध्येच एकदा काहीतरी मोठं उडत येऊन धाडकन आदळल्याचा आवाज झाला. नाना अंथरुणात उठून बसले. "गेलं," ते म्हणाले. "मुळासकट."

"झोप," आक्का स्वयंपाकघरातल्या आपल्या अंथरुणावरून म्हणाली. "गेलं असतं तर आपल्यावर आलं असतं."

सकाळी दार उघडलं. अंगणात पानांचा गुडघाभर थर होता, आणि थराच्या मध्ये झाड उभं होतं. पिसं उपटलेल्या कोंबड्यासारखं, पण ताठ. एकही फांदी कोणाच्या छपरावर नव्हती. आणि वर, बरोबर आक्काच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, दोन फांद्यांच्या बेचक्यात एक भला मोठा पत्रा अडकून बसला होता. त्याला मागच्या वर्षीचा पोचा होता.

झाड नसतं, तर तो पत्रा थेट खिडकीतून आत येऊन आक्काला भेटला असता.

थोड्या वेळानं फाटकाची कडी वाजली. टेलरमास्तर आत आले. दुकानात नुसतं आभाळ भरलेलं होतं, आणि मास्तरांचा आवाज नेहमीपेक्षा दोन इंच आखूड झाला होता.

"नाना, जरा... आमचा पत्रा..."

नाना खुर्ची बुंध्याजवळ ओढून बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला. "मास्तर, शब्द काय होता आपला? फांदी छपरावर आली तर झाड मुळासकट. आता छप्परच झाडावर आलंय. सांगा, काय काढायचं मुळासकट?"

"दुकान," आतून आक्का म्हणाली.

मास्तर हसले. आधी ओशाळून, मग खरंच. दुपारी सगळ्यांनी मिळून पत्रा उतरवला. डॉक्टरांनी शिडी धरली, बाईंनी काठीनं ढकललं, नानांनी "हळू, फांदीची साल निघेल" असं ओरडून काम केलं. पत्र्याची धार बेचक्यात जिथं रुतली होती, तिथं मास्तरांनी हात फिरवून पाहिला आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून फांदीला थोपटलं. बाईंचं लक्ष होतं.

मावशी पडझड बघायला आल्या तेव्हा त्यांनी चारही घरांवरून नजर फिरवली. "वादळं अजून संपली नाहीत," त्या म्हणाल्या. "झाडाचं झालं. आता तुमचं बघते. जे ढिलं आहे त्याला चिंधी. उद्या सकाळी माझा नवरा खिळे घेऊन येईल आणि चिंधी दिसेल ते ठोकून पक्कं करेल. तो कोणाचं ऐकत नाही."

"हो," नवरा म्हणाला.

आणि त्यांनी मास्तरांच्या उरलेल्या पत्र्यांना, बाईंच्या टाकीच्या झाकणाला आणि नानांच्या फाटकाला लाल चिंध्या बांधल्या. डॉक्टरांनी सकाळीच पुन्हा लावलेली पाटी मात्र हलवून बघून त्या म्हणाल्या, "ही बरी आहे."

उन्हं उतरली. नानांच्या नव्या ऑफिसातून आता गल्ली थेट समुद्रापर्यंत दिसत होती. फांदी गेल्यानं एवढा एक फायदा झाला होता, पण तो त्यांनी अजून कोणाजवळ कबूल केला नव्हता. ते आरसा पुसून 'निघणार', तेवढ्यात त्यांना काहीतरी दिसलं.

टेलरमास्तर इकडेतिकडे बघत दुकानातून बाहेर आले. त्यांच्या हातात एक चिंधी होती, आणि त्यांच्या पत्र्यांवर एक कमी. त्यांनी डॉक्टरांची शिडी उचलली, दवाखान्याच्या भिंतीला लावली, वर चढले आणि अगदी मन लावून ती चिंधी डॉक्टरांच्या पाटीला बांधू लागले. पाटी एकदा खिळ्यांनी ठोकली गेली, की पुढच्या वादळात ती उतरवण्यापायी डॉक्टरांची शिडी अडून राहणार नव्हती.

नाना उठले. चपला न घालता रस्ता ओलांडून गेले. मास्तर वर गाठ मारण्यात गुंतले होते. दुहेरी गाठ होती.

पाटीची कड धरून मास्तरांनी पलीकडच्या खिडकीच्या छज्ज्यावर पाय टेकला आणि शिडीवरचा भार सुटला, एवढ्यात नानांनी अलगद शिडी उचलली आणि खांद्यावर टाकली.

"शिडी अशी उघड्यावर टाकतात का कोणी!" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "वादळाचे दिवस, आणि लोकांना काही जबाबदारीच नाही!"

आणि झाडाकडे बघत, शीळ घालत ते घरी निघाले.